आरामाची किंमत कोवळ्या त्वचेने का मोजावी?

बाळ आठ-नऊ महिन्यांचे. थंडीची चाहूल लागते आणि त्याच्या दोन्ही गालांवर लालसर, खरखरीत चट्टे उमटतात. पाहता पाहता ते कपाळावर आणि मनगटांवर पसरतात. रात्रभर बाळ उशीवर गाल घासत किरकिरत राहते. त्याच्याबरोबर आई जागते आणि आईबरोबर सारे घर. आजी खोबरेल तेल लावून पाहते, शेजारीण हळद-बेसन सुचवते. दवाखान्यात गर्दी असते, कचेरीतून सुट्टी मिळत नसते. अखेर वडील नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात जातात. दुकानदार ओळखीचा, अनुभवी. "ही ट्यूब लावा, दोन दिवसांत साफ होईल," असे तो सांगतो आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. चट्टे जातात, घर शांत झोपते. आठवड्याभराने चट्टे पुन्हा उमटतात; पुन्हा तीच ट्यूब. असे चार-सहा महिने सरतात. एव्हाना बाळाचे गाल भरलेले असतात, चेहरा वाटोळा झालेला असतो. येणारा-जाणारा कौतुकाने म्हणतो, "छान बाळसे धरले आहे हो!"

या कौतुकातच एक भीषण विसंगती दडलेली असू शकते. कारण काही बालकांच्या बाबतीत ते बाळसे नसतेच. त्वचेवाटे शरीरात शिरलेल्या स्टेरॉइडने आणलेला तो फुगवटा असतो. वैद्यकशास्त्र त्याला 'कुशिंग संलक्षण' म्हणते. अशा बालकाचे वजन वाढते, पण उंची मात्र खुंटते. खरे बाळसे आणि हे खोटे बाळसे यांतील फरक ओळखायचा तो येथे. इतका गंभीर परिणाम सर्वच बालकांवर होत नाही, हे खरे. तथापि लंगोटाच्या जागी उठलेल्या साध्या पुरळावर महिनोन्‌महिने तीव्र स्टेरॉइड चोळल्यामुळे बालकांची ही अवस्था झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्या टळण्याजोग्या होत्या, हेच त्यांतील खरे दुःख.

वरदान कसे जन्मले?

स्टेरॉइड हा शब्द उच्चारताच काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. वास्तविक हे औषध म्हणजे विसाव्या शतकातील एक मोठी देणगी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन देण्यात आले आणि त्याचा परिणाम पाहून वैद्यकविश्व थक्क झाले. पाठोपाठ १९५० साली केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपाने त्वचेवर वापरून दाखवले. त्यापूर्वी इसबाच्या रुग्णाला डांबराचे लेप आणि पट्ट्या यांवाचून फारसा आधार नव्हता. खाजेने रात्र रात्र तळमळणाऱ्या लक्षावधी जीवांना या मलमाने प्रथमच झोप दिली.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत फेरफार करून अधिकाधिक तीव्र स्टेरॉइडे घडवली. आज या मलमांचे सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे ढोबळ वर्ग केले जातात. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य. क्लोबेटासोन ब्युटिरेट मध्यम. बीटामेथासोन व्हॅलरेट व मोमेटासोन तीव्र. आणि क्लोबेटासोल प्रोपियोनेट अतितीव्र. पहिले आणि शेवटचे यांच्या सामर्थ्यात कित्येक शे पटींचे अंतर आहे. गंमत अशी, की ट्यूब हातात घेतली तर चारही सारख्याच दिसतात. किंबहुना क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल या नावांत जेमतेम एका अक्षराचा फरक! एक मध्यम आणि दुसरे अतितीव्र, हे सामान्य पालकाने ओळखायचे तरी कसे? अमेरिकेत बारा वर्षांखालील मुलांसाठी क्लोबेटासोलची शिफारस केली जात नाही. आपल्याकडे मात्र हेच औषध जंतुनाशक आणि बुरशीनाशक यांच्याबरोबर एकाच ट्यूबमध्ये कोंबून 'सर्व त्वचाविकारांवर एकच उपाय' अशा थाटात वर्षानुवर्षे विकले गेले.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

बालकांच्या बाबतीत धोका अधिक का? पहिले कारण साध्या गणिताचे आहे. मूल जितके लहान, तितके त्याच्या वजनाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ अधिक. तान्ह्या बाळात हे प्रमाण प्रौढाच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणजे अंगाच्या तितक्याच भागावर मलम लावले, तरी बाळाच्या वाट्याला त्याच्या वजनाच्या मानाने कितीतरी अधिक औषध येते. दुसरे, त्याची त्वचा कोवळी असते. तिसरे, इसबामुळे त्वचेची तटबंदी आधीच ढासळलेली असते, त्यामुळे औषध आत शिरायला वाट मोकळीच असते.

चौथे कारण जागेचे. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ साली प्रौढांच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषले जाते, याचे मोजमाप केले. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूने होणारे शोषण एक धरले, तर कपाळावर ते सहा पट, जबड्यावर तेरा पट आणि वृषणाच्या त्वचेवर बेचाळीस पट आढळले. बाळाचे इसब बहुधा गालांवरच उमटते आणि लंगोटाखालचे पुरळ नेमके त्या सर्वाधिक शोषणाऱ्या भागात असते. त्यातून प्लास्टिकचे आवरण असलेला डायपर वर चढला, की हवाबंद पट्टी बांधल्यासारखे होऊन शोषण आणखी वाढते. निसर्गाने जेथे दार सताड उघडे ठेवले आहे, तेथेच अजाणतेपणे सर्वांत तीव्र औषध चोळले जाते.

परिणाम दोन पातळ्यांवर दिसतात. त्वचेवर पाहावे, तर ती हळूहळू कागदासारखी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मांड्यांवर, काखांत ताणल्यासारखे पट्टे उमटतात आणि हे पट्टे सहसा कायमचे राहतात. रंग फिका पडतो, लव वाढते, तोंडाभोवती पुरळ उठते. डोळ्यांच्या पापण्यांवर दीर्घकाळ तीव्र मलम लावल्यास काचबिंदू वा मोतीबिंदू यांचा धोका संभवतो. बुरशीमुळे झालेल्या गजकर्णाला इसब समजून स्टेरॉइड लावले, तर खाज आणि लाली दबते, परंतु बुरशी आतल्या आत पसरत राहते. मग तिचे रूप इतके पालटते, की अनुभवी डॉक्टरही क्षणभर चकावेत. आग लागलेल्या घराची घंटा बंद करून झोपी जाण्यासारखाच हा प्रकार!

दुसरी पातळी शरीराच्या आतली. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीराला लागणारे स्टेरॉइड रोज स्वतः तयार करीत असतात. बाहेरून भरपूर पुरवठा होऊ लागला, की मेंदूतील नियंत्रणकेंद्र या ग्रंथींना विश्रांतीचा आदेश देते आणि त्या सुस्तावतात. अशा स्थितीत मलम एकाएकी थांबले आणि त्याच सुमारास मुलाला मोठा ताप, जुलाब वा अपघात झाला, तर शरीराला ऐन वेळी लागणारे संप्रेरक मिळत नाही आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच तीव्र मलम बरेच महिने वापरले गेले असेल, तर हे वाचून ते आजच फेकून देणे हाही शहाणपणा नव्हे. आधी डॉक्टरांना दाखवावे आणि ते सांगतील तसे टप्प्याटप्प्याने कमी करावे. दीर्घ व सततच्या वापरानंतर औषध थांबवताच त्वचा आगीसारखी लाल होऊन जळजळण्याचा प्रकारही काही रुग्णांत आढळतो. ब्रिटनच्या औषध नियंत्रक संस्थेने २०२१ साली त्याविषयी अधिकृत सावधगिरीची सूचना दिली.

कायदा कागदावर, ट्यूब गल्ल्यावर

देशातील १२ त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम वापरत होते. त्यांपैकी २५७ जणांना ते मलम कोणा डॉक्टरने सुचवलेलेच नव्हते. मैत्रीण, शेजारी, केशकर्तनकार, दुकानदार असे सारेच येथे वैद्य! कित्येकांनी तर ते गोरेपणासाठी लावले होते. ही पाहणी सर्व वयोगटांतील रुग्णांची असली, तरी घरात मोठ्यांच्या हाताशी असलेली ट्यूबच लहानाच्या गालापर्यंत पोहोचते, हे विसरून चालणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिदल उभारले, ते परिस्थितीचे गांभीर्य ओळखूनच.

या अनागोंदीला कायद्यातील एका फटीनेही हातभार लावला होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या 'एच' परिशिष्टातील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. परंतु बाह्य वापराच्या औषधांना त्यात सवलत होती आणि अनेक स्टेरॉइड मलमे त्या सवलतीच्या आडोशाने खुलेआम विकली जात. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढून अशी डझनाहून अधिक मलमे परिशिष्टात आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घालण्यात आली. तीत स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक यांची काही मिश्र मलमेही होती. ही पावले स्वागतार्हच होती. परंतु कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्याची सवय आपल्या समाजाला घातक ठरते. आजही नाक्यावरच्या दुकानात चिठ्ठी न मागता ट्यूब हाती पडते, हा बहुसंख्य कुटुंबांचा अनुभव आहे. कायदा आहे, निरीक्षक आहेत, वेष्टनावर लाल रेघ आणि इशाराही आहे. नाही ती फक्त अंमलबजावणीची इच्छा. आणि ग्राहकच चिठ्ठीशिवाय औषध मागत असेल, तर दोष केवळ दुकानदाराच्या पदरी टाकून मोकळे होता येणार नाही.

'वनस्पतिजन्य' नावाचा बुरखा

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि परंपरेवर श्रद्धा असणाऱ्या कुटुंबांनी तिचा विशेष विचार करावयास हवा. स्टेरॉइडची भीती बसलेले पालक सहसा 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' मलमाकडे वळतात. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु जे मलम दोन दिवसांत चमत्कार करते, त्यात नेमके काय आहे? ब्रिटनमध्ये १९९९ साली चिनी वनौषधींच्या म्हणून दिल्या जाणाऱ्या ११ मलमांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. पुढे २००३ साली बर्मिंगहॅम येथे इसब झालेल्या मुलांसाठी वापरात असलेल्या २४ वनस्पतिजन्य मलमांची छाननी झाली. त्यांतील २० मलमांत स्टेरॉइड आढळले आणि कित्येकांत तर अतितीव्र क्लोबेटासोल!

आयुर्वेद हे शतकानुशतकांच्या निरीक्षणावर उभे असलेले शास्त्र आहे. त्यात पथ्य आहे, क्रम आहे आणि धीर आहे. आयुर्वेदाच्या नावाने आधुनिक रसायन गुपचूप मिसळून विकणारा इसम रुग्णाची तर फसवणूक करतोच, पण त्या शास्त्राचीही बदनामी करतो. ज्या मलमाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ते कोणत्याही पॅथीचे असो, बाळाच्या अंगाला लागता कामा नये. परंपरेवरचा विश्वास डोळस असेल, तरच तो परंपरेच्या कामी येतो.

भीतीचेही दुष्परिणाम असतात

इतके वाचून एखादी माता ठरवील, की काहीही झाले तरी स्टेरॉइड नकोच. हा निर्णयही तितकाच चुकीचा आहे. इसब म्हणजे 'रक्त खराब' नव्हे की 'अंगातली उष्णता' नव्हे. त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे असणे हे त्याचे एक मूळ आहे. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोषाशी या विकाराचा संबंध असल्याचे २००६ साली सिद्ध झाले. विकार दीर्घकाळ चालणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा आहे; बरीच मुले वाढत्या वयाबरोबर त्यातून बाहेर पडतात. पण तोवर खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग होतो, झोपमोड होते, शाळेत लक्ष लागत नाही, सोबती चिडवतात. उपचाराअभावी हे सारे सोसायला लावणे म्हणजे मुलाला दुष्परिणामांपासून वाचवणे नव्हे.

योग्य तीव्रतेचे मलम, योग्य जागी, योग्य मात्रेत, ठरलेल्या मुदतीपुरते वापरले, तर बहुतेक बालकांत ते सुरक्षित ठरते. सात दशकांचा अनुभव तेच सांगतो. तेव्हा 'स्टेरॉइड आहे का?' एवढ्यावर न थांबता 'कोणते, किती, कोठे, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली?' हे पाच प्रश्न पालकांनी विचारले पाहिजेत. मात्रेसाठी डॉक्टर 'बोटाच्या पेराचे माप' सांगतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या त्वचेला ती पुरते. चेहऱ्यासारख्या नाजूक जागी दीर्घकाळ उपचार लागणार असेल, तर टॅक्रोलिमससारखी बिगर-स्टेरॉइड मलमेही उपलब्ध आहेत; सौम्य मात्रेतील टॅक्रोलिमस दोन वर्षांवरील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते.

आणि या साऱ्याचा पाया आहे तो साध्या स्निग्धतेचा. कोमट पाण्याने थोडक्या वेळात स्नान, कडक साबणाला रजा, अंग ओलसर असतानाच भरपूर स्निग्ध लेप, सुती कपडे, कापलेली नखे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत इसबाच्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम स्निग्ध लेपाचे प्रमाण दिले आहे. आपल्याकडे महिनाभर पुरवली जाणारी छोटी बाटली त्यापुढे किती अपुरी, हे सांगणे नलगे. महागडे लेप परवडत नसतील, तर साधे पेट्रोलियम जेलीही कामाचे आहे. फिलिपाइन्समध्ये सौम्य ते मध्यम इसबाच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. म्हणजे आजीचा हात खोबरेलाच्या वाटीकडे गेला, तो अगदीच चुकीच्या दिशेने नव्हता! फक्त जोराच्या इसबाला एकटे तेल पुरे पडत नाही आणि हळद-बेसनाने रापलेली त्वचा अधिकच कोरडी पडते, एवढे तिला कोणी समजावून सांगायला हवे होते.

जबाबदारी कोणाची?

शासनाने चिठ्ठीशिवाय होणारी विक्री खरोखर थांबवावी, ही पहिली अपेक्षा. अन्न व औषध प्रशासनाने वर्षातून एखादी मोहीम काढून छायाचित्रे प्रसिद्ध करण्याऐवजी सातत्य दाखवावे. दुसरी अपेक्षा भाषेची आहे. ब्रिटनच्या नियंत्रक संस्थेने २०२४ साली स्टेरॉइड मलमांच्या वेष्टनावर सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र असा स्पष्ट उल्लेख करण्याचे ठरवले. हाच उल्लेख आपल्याकडे मराठीसह सर्व भारतीय भाषांत, ठळक अक्षरांत का होऊ नये? ज्या मातेला ती ट्यूब बाळाच्या गालाला लावायची आहे, तिला वाचताच येणार नाही अशा भाषेत आणि अशा बारीक टायपात इशारा छापण्याला इशारा म्हणायचे तरी कसे?

डॉक्टरांनीही चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे 'किती दिवस' आणि 'कोठे लावू नये' हे दोन शब्द मराठीत लिहिण्याची तसदी घ्यावी. दोन मिनिटांच्या या कष्टाने पुढची दोन वर्षे वाचतील. औषधविक्रेता हा केवळ व्यापारी नसतो. त्याने औषधशास्त्राची पदविका घेतलेली असते आणि वस्तीचा त्याच्यावर विश्वास असतो. त्या विश्वासाची बूज राखून त्याने एकदा तरी "आधी डॉक्टरांना दाखवा" असे म्हणावे. वस्त्यावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना, आरोग्यसेविकांना, महिला मंडळांना आणि बालवाडीच्या ताईंना या कामी मोठा वाटा उचलता येईल. त्यासाठी निधी लागत नाही की मोर्चाही लागत नाही. घरोघरी जाऊन कपाटातली ट्यूब हातात घ्यायची आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायचे, एवढेच पुरे.

सर्वांत मोठी जबाबदारी अर्थातच कुटुंबाची. जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वापरणे, एका भावाचे मलम दुसऱ्याला लावणे, नातेवाइकाच्या सांगण्यावरून औषध बदलणे, या सवयी घरातच मोडाव्या लागतील. इसब धीराने सांभाळायचा विकार आहे आणि धीर हा गुण झटपट आरामाच्या या युगात दुर्मीळ होत चालला आहे.

यापुढे घरात एखादे इसबाचे बाळ अचानक गुटगुटीत दिसू लागले, तर कौतुक जरूर करावे, पण त्याच्या मातेला एवढे अवश्य विचारावे, "याला कोणते मलम लावता? आणि उंची वाढते आहे ना?" खरे बाळसे या प्रश्नाने कोमेजणार नाही. खोटे असेल, तर मात्र तो प्रश्न वेळेवर विचारला गेलेला बरा.